तीन मिनिटांतल्या केसरबाई

(सामुदायिक रेडिओवर लासूर स्टेशन येथून झालेलं भाषण)

ऐकणाऱ्या सगळ्या ताई, मावशी, आजी आणि गटातल्या पोरींनो, आज थोडं गाण्याबद्दल बोलू. गाण्याबद्दल म्हणण्यापेक्षा, गाणं रेकॉर्ड होतं तेव्हा काय होतं त्याबद्दल. हल्ली प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे. हळदीला कुणी गाणं धरलं की चार मोबाईल वर होतात. गटाच्या बैठकीत कुणी बोलायला उठली की लगेच शूटिंग. दुसऱ्या दिवशी तो आवाज कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरत असतो. आपला आवाज, पण तो कुठं गेला ते आपल्यालाच माहीत नसतं. म्हणून आज एका बाईची गोष्ट सांगते. आपला आवाज कुणाच्या हवाली करायचा आणि कुणाच्या नाही, हे तिनं आयुष्यभर स्वतः ठरवलं.

तिचं नाव केसरबाई केरकर. गोव्यात फोंडा तालुक्यात केरी नावाचं गाव आहे. तिथं १३ जुलै १८९२ ला तिचा जन्म झाला. देवळात गाणं-नाचणं करणाऱ्या कलावंतांच्या घरातली ही मुलगी. अशा घरच्या बायकांचं गाणं ऐकायला सगळ्यांना हवं असायचं, पण त्यांना मान द्यायची वेळ आली की लोक तोंड फिरवायचे. आठ वर्षांची असताना केसर कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकली. मग गोव्यात रामकृष्णबुवा वझ्यांकडे. पुढं मुंबईला आली, तिथंही गुरू बदलत राहिले. मनासारखं शिक्षण मिळेना. शेवटी १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांनी तिला शिष्य करून घेतलं. तेव्हा ती तिशीच्या जवळ आली होती. त्या वयात आपल्याकडं बाईला म्हणतात, आता काय शिकायचंय? हिनं त्या वयात पुन्हा सा पासून सुरुवात केली आणि पुढं वर्षानुवर्षं रोज तासन् तास तालीम घेतली.

खाँसाहेबांचं गाणं म्हणजे घाईचं काम नाही. एक राग घेतला की अर्धा-पाऊण तास तो हळूहळू उलगडत न्यायचा. आणि त्याच काळात बाजारात आली ग्रामोफोनची तबकडी. ही तबकडी कशाची असायची माहीत आहे? लाखेची. आपण लाखेच्या बांगड्या भरतो ना, तीच लाख, त्यात दगडाची भुकटी मिसळून. मिनिटाला ७८ फेरे फिरणारी. तिच्या एका बाजूला मावायचं तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. बस्स. पाऊण तासाचा राग तीन मिनिटांत बसवायचा, म्हणजे पुरणावरणाचा स्वयंपाक करायचा आणि पाहुण्याला वाटीभर कटाची आमटी वाढून उठवायचं.

तरी केसरबाई गायल्या. एच.एम.व्ही. आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांनी त्यांच्या तबकड्या काढल्या. मोजक्याच. त्या आजही ऐकल्या तर कळतं, बाईंनी कुठंही घाई केलेली नाही. पण हा व्यवहार त्यांना मानवला नाही. आपलं गाणं समोर बसून, मन लावून ऐकायचं. ते पानाच्या ठेल्यावर वाजावं, कुणी विडा चघळत ऐकावं, हे आपल्याला नको, असं त्या म्हणत, असं सांगतात. रेडिओपासूनही त्या लांब राहिल्या. लोक म्हणायचे, बाई फार ताठ. ताठ होत्याच. पण विचार करा, ज्या घरात त्या जन्मल्या, तिथल्या बाईचा आवाज कुणीही पैसे फेकून मागवायचा. त्या घरातली बाई म्हणते, माझं गाणं कुठं वाजायचं ते मी ठरवणार. मला तर यात ताठा कमी आणि हिशेब जास्त दिसतो.

त्यांना मोठे मान मिळाले. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण. लोक त्यांना सूरश्री म्हणत. आवाज अजून चांगला असतानाच, १९६३-६४ च्या सुमारास, त्यांनी मैफली बंद केल्या. शिकवणंही कुणाला सहजासहजी नाही. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी या एकट्याच त्यांच्या शिष्या.

आता याच काळातला दुसरा एक माणूस सांगते. दूर कॅनडात टोरांटो शहरात ग्लेन गूल्ड नावाचा पियानो वाजवणारा होता. पियानो म्हणजे आपल्या पेटीसारख्या पट्ट्या असलेलं, पण खोलीभर मोठं वाद्य. त्यात भाता नसतो, पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते. गूल्ड बसायचा वडिलांनी करून दिलेल्या बुटक्या खुर्चीवर आणि वाजवताना तोंडानं गुणगुणायचा. ते गुणगुणणंही रेकॉर्डमध्ये ऐकू येतं. १९५५ साली, बावीस वर्षांचा असताना, त्यानं बाख या जुन्या जर्मन संगीतकाराची रचना रेकॉर्ड केली आणि जगभर नाव झालं.

आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यानं मैफली कायमच्या सोडल्या. त्याचं म्हणणं केसरबाईंच्या अगदी उलटं. भरल्या सभागृहात वाजवणं त्याला नको होतं, त्याला हवा होता बंद खोलीतला मायक्रोफोन. तोवर रेकॉर्डिंग फितीवर होऊ लागलं होतं. फीत कापता यायची, जोडता यायची. एकच तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यातले चांगले भाग निवडून जोडायचा. आपण गोधडी शिवताना जुन्या लुगड्याचा धड भाग घेतो, विरलेला टाकतो, तसंच. १९८१ साली त्यानं बाखची तीच रचना पुन्हा नव्यानं रेकॉर्ड केली. पहिल्या वेळी सुमारे ३८ मिनिटं लागली होती, या वेळी ५१. माणूस मोठा झाला की सावकाश होतो. पुढच्या वर्षी, पन्नाशीत, तो गेला.

बघा, साधारण एकाच सुमाराला दोघांनी मैफल सोडली. एकीनं रेकॉर्ड नको म्हणून आयुष्य मैफलीत घातलं, दुसऱ्यानं मैफल नको म्हणून रेकॉर्डमध्ये. आणि दोघं भेटले कुठं? एकाच तबकडीवर.

१९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं आकाशात सोडली. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या समितीनं ठरवलं, की यानासोबत पृथ्वीवरचे आवाज पाठवायचे. लांब कुठं कुणी असेल तर ऐकेल. तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी केली. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, आपल्या मराठीतलाही आहे. आणि साऱ्या जगातली मिळून २७ गाणी-वादनं. त्यात ग्लेन गूल्डचा पियानो आहे. आणि भारताची म्हणून एकच चीज आहे, केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटांची.

रॉबर्ट ब्राऊन नावाच्या अभ्यासकानं ती सुचवली होती. पण रेकॉर्ड मिळेना. शोधता शोधता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. व्हॉयेजर दोन २० ऑगस्टला सुटलं, व्हॉयेजर एक ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई वारल्या. व्हॉयेजर एक आज २,४०० कोटी किलोमीटरच्या पुढं गेलंय. तिथून निघालेला संदेश आपल्यापर्यंत यायला जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो. केरीच्या मुलीचा आवाज तिथं आहे.

आता यातून घ्यायचं काय? रेकॉर्ड करू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. केसरबाईंचं गाणं ज्यांनी समोर बसून ऐकलं ते लोक आता फार थोडे उरले. त्यांच्या मैफलीतले ते पाऊण-पाऊण तास बहुतेक हवेत विरले. आपल्यासाठी राहिलं ते मुख्यतः त्या मोजक्या तबकड्यांतलं. म्हणजे नाही म्हणण्याचीही किंमत असते, आणि ती मागच्यांना द्यावी लागते. पण हो म्हणायचं की नाही, ते ज्याच्या गळ्यातून सूर निघतो त्यानंच ठरवायचं, एवढं मात्र दोघांनीही सोडलं नाही.

दुसरी गोष्ट नावाची. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान गायली. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या रेकॉर्डांपैकी ती. गाणं संपल्यावर तिनं त्याच रेकॉर्डवर स्वतःचं नाव सांगून ठेवलं. तबकड्या जर्मनीत बनायच्या, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळायला हवं होतं. कारण कामापुरतं होतं, पण त्यामुळं नाव राहिलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांनीही गाणारणीचं नाव आणि गाव ओवीसोबत लिहून ठेवलं. एरवी आपण काय म्हणतो? ‘बायांची गाणी’. कुठल्या बायांची?

म्हणून मैत्रिणींनो, गटात एवढं ठरवून टाका. कुणाचा आवाज घ्यायचा तर आधी तिला विचारायचं. ती नको म्हणाली तर मोबाईल खाली. हो म्हणाली तर सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यायची. आणि रेकॉर्डिंग कुठं पाठवणार ते तिला सांगायचं. घरात ऐंशीच्या पुढची आजी असेल, तिला ओव्या येत असतील, तर तिच्यापाशी बसा आणि विचारा. तीन मिनिटांचं बंधन आता नाही. तिला गाऊ द्या, मध्ये थांबली तर थांबू द्या, पुन्हा आठवलं की गाऊ द्या. आपल्या रेडिओलाही ती गाणी हवी आहेत, पण आजीच्या नावासकट आणि आजी हो म्हणाली तरच.