शाळेच्या साऱ्या सेवकांसाठी एक दिवस

(शिक्षक व शिक्षकेतर सेवकांच्या प्रशिक्षण दिनानिमित्त तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



सत्तरी तालुक्यातील एखाद्या वाड्यावरून रोज शाळेत येणारी सहावीतील एक मुलगी डोळ्यांपुढे आणावी. सकाळी ती बालरथात चढते. नेहमी पुढच्या बाकावर मैत्रिणींशी बोलत बसणारी ही मुलगी गेले चार दिवस मागे एकटीच बसते, हे बालरथावरील मदतनीस बाईंच्या नजरेस येते. शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या शिपायास ती घंटा होईपर्यंत बाहेरच घोटाळताना दिसते. वर्गात शिक्षकांना तिची गणिताची वही कोरी आढळते व तिला बोलणी खावी लागतात. मधल्या सुट्टीत आहार वाढणाऱ्या बाईंना ती भाजी खाऊन पाव मात्र दप्तरात ठेवताना दिसते. कार्यालयातील लेखनिकाच्या टेबलावर तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज वडिलांच्या सहीवाचून आठवडाभर पडून असतो.

पाच माणसांनी पाच गोष्टी पाहिल्या. त्या पाचही गोष्टी कोणी एकत्र मांडल्या असत्या, तर त्या घरावर काही संकट आले आहे, कर्ता माणूस बहुधा अंथरुणास खिळला आहे, आणि दप्तरातील पाव धाकट्या भावंडासाठी आहे, हे उमगण्यास वेळ लागला नसता. परंतु ही पाच माणसे एका जागी कधी बसतच नाहीत. त्यांतील एकासच शिकवणारा मानले जाते व उरलेले चौघे केवळ कामगार ठरतात. ही मुलगी कल्पनेतील असली, तरी तिच्यासारखी मुले प्रत्येक शाळेत असतात. शाळेच्या साऱ्या सेवकांना वर्षातून निदान एक दिवस एकत्र आणून शिकण्याची संधी का द्यावयाची, याचे उत्तर या मुलीच्या दिवसात आहे.

शिक्षकांचे प्रशिक्षण

सेवेत असताना शिकत राहण्याची गरज आपल्या देशाने फार पूर्वी ओळखली. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने 1966 साली सादर केलेल्या अहवालात, प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांत निदान दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत प्रशिक्षण मिळावे, अशी शिफारस केली होती. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. आपल्याकडील अशी संस्था पर्वरी येथे आहे. 2019 साली ‘निष्ठा’ हा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला आणि 2020 मध्ये महासाथीमुळे तो दूरस्थ पद्धतीने चालवावा लागला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने व मुख्याध्यापकाने वर्षाकाठी किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

ही वाटचाल निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र पन्नास तासांची ही गणती शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यापुरतीच आहे. शिपाई, लेखनिक, प्रयोगशाळा साहाय्यक, बालरथाचा चालक, त्यावरील मदतनीस आणि आहार शिजवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाच्या भगिनी यांच्या वाट्यास किती तास येतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मुलाची सकाळची पहिली आणि दुपारची शेवटची गाठ पुष्कळदा याच मंडळींशी पडते, हे ध्यानी घेतले म्हणजे या उणिवेचे गांभीर्य कळते.

दोन सोळा जुलै

या उणिवेची किंमत काय असू शकते, हे सांगणाऱ्या दोन घटना आपल्या देशात घडल्या आणि योगायोग असा की, दोन्ही एकाच तारखेस घडल्या.

16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली. वरच्या मजल्यावरील वर्गांचे छप्पर गवताचे होते. पाहता पाहता ज्वाळा वर्गांपर्यंत पोहोचल्या आणि 94 बालके मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2009 रोजी निर्णय दिला. शाळेत अग्निशामक साधने असली पाहिजेत, इतकेच सांगून न्यायालय थांबले नाही. शिक्षकांबरोबर इतर सेवकांनाही ती साधने हाताळण्याचे व मुलांना सुखरूप बाहेर काढण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे, असेही त्यात स्पष्ट केले गेले. भिंतीवर टांगलेले लाल नळकांडे ज्यास चालवता येत नाही, त्याच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखेच आहे.

16 जुलै 2013 रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी शाळेतील जेवण खाऊन 23 मुले दगावली. अन्न ज्या तेलात शिजले, त्यात मोनोक्रोटोफॉस हे शेतीत वापरले जाणारे जहाल कीटकनाशक आढळले. तेल नेहमीसारखे दिसत नाही, ही शंका स्वयंपाक करणाऱ्या बाईंना आली होती आणि आपण ती बोलूनही दाखवली होती, असे त्यांनी पुढे सांगितले. ती शंका तेथेच विरली. ज्या बाईंच्या हाताखालून रोज तेल जाते, त्यांची पारख अनुभवाची होती. परंतु ‘हे थांबवा’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्यापाशी आहे, हे ना त्यांना कोणी शिकवले होते, ना वरिष्ठांना.

शालेय भोजनाच्या नियमांनुसार, मुलांना वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढ व्यक्तींनी अन्न चाखून पाहणे आवश्यक आहे. गोव्यात आहार बहुधा स्वयंसाहाय्य गटांकडे शिजतो व तेथून शाळेत येतो. साहजिकच शिजवणारे हात एकीकडे आणि वाढणारे हात दुसरीकडे, अशी स्थिती असते. भाजी किती वाजता शिजली, किती वेळ झाकून राहिली, वाटेत डबा उघडला काय, हे विचारण्याची सवय दोन्ही बाजूंस असेल, तरच चाखण्याच्या नियमास अर्थ उरतो.

दिवसाची आखणी

असा दिवस कसा आखावा? त्यासाठी मोठा मंडप, हारतुरे किंवा दूरवरचे वक्ते लागत नाहीत. तालुक्यातील एखाद्या शाळेचे सभागृह, आसपासच्या पाच-सहा शाळांचे सेवक, जवळच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर, अग्निशामक दलाचे एक पथक आणि पोलीस ठाण्यातील एक अधिकारी एवढ्यावर तो उत्तम पार पडू शकतो.

पहिले दोन तास प्रथमोपचारास द्यावेत. डोंगराळ तालुक्यांतील शाळांस सर्पदंशाचे भय नवे नाही. दंश झालेल्या मुलास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव हलू नये अशा रीतीने फळीचा आधार द्यावा आणि 108 क्रमांकावर कळवून तत्काळ रुग्णालयात न्यावे. घट्ट आवळपट्टी बांधणे, जखमेवर चीर देणे किंवा तोंडाने रक्त ओढणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. मुलास फिट आली, तर त्यास कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर साराव्यात व घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, नाकाशी कांदा वा चप्पल धरू नये. झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक टिकला, तर रुग्णवाहिका बोलावण्यास क्षणाचाही विलंब करू नये. भाजल्यास त्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. या गोष्टी ऐकून येत नाहीत. प्रत्येकाने त्या एकदा स्वतःच्या हातांनी करून पाहिल्या पाहिजेत.

त्यानंतरचा तास आगीसाठी असावा. मैदानात कोरडा पाचोळा पेटवून प्रत्येक सेवकाने अग्निशामकाची पिन काढावी आणि ज्वाळेच्या शेंड्याऐवजी बुडाशी फवारा सोडून ती विझवावी. आग विझवण्याचा धडा एकदा हातास वळला की तो सहसा विसरत नाही.

दुपारनंतरचे सत्र बालकांच्या संरक्षणाचे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा 2012 चा कायदा त्या वर्षी 14 नोव्हेंबरपासून अमलात आहे. असा अपराध घडल्याचे ज्या कोणास कळेल, त्याने तो पोलिसांना कळवला पाहिजे, असे कलम 19 सांगते. न कळवणे हाही कलम 21 अन्वये शिक्षेस पात्र गुन्हा आहे. ‘ज्या कोणास’ या शब्दांत शिपाईही येतो आणि बालरथाचा चालकही येतो. कळवताना मुलाचे नाव चारचौघांत उच्चारू नये, त्यास पुनःपुन्हा प्रश्न विचारून जाचू नये आणि 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक सर्वांस मुखोद्गत असावा. तद्वतच, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 अन्वये मुलांना शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ यास बंदी आहे, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, हेही या सत्रात समजावून द्यावे. बोलण्यात अडखळणाऱ्या मुलाची बालरथात होणारी थट्टा वर्गातील शिक्षकास दिसत नाही. ती थांबवणे चालकाच्या व मदतनिसाच्याच हाती असते.

शेवटचा तास मात्र कोणाच्याही व्याख्यानास देऊ नये. प्रत्येक शाळेच्या सेवकांनी आपापले वर्तुळ करून बसावे आणि एकच प्रश्न घ्यावा: ‘आपल्या शाळेतील कोणत्या मुलाकडे लक्ष द्यावयास हवे?’ येथे आधी मदतनीस व शिपाई यांनी बोलावे आणि मुख्याध्यापकांनी सर्वांत शेवटी. आरंभी सांगितलेल्या मुलीच्या पाच गोष्टी जुळून येतील, त्या याच तासात. जे बोलले जाईल ते त्या वर्तुळाबाहेर जाता कामा नये, हा दंडकही तितकाच महत्त्वाचा.

दिवस वाया कसा जातो

प्रशिक्षणाचा दिवस वाया घालवणेही सोपे असते. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक व आभार यांत दुपार होते. हजेरीपटावर सही झाली की मागच्या रांगा रिकाम्या होऊ लागतात. एकशिक्षकी शाळेतील गुरुजी प्रशिक्षणास आले की त्या दिवशी गावातील शाळेस कुलूप लागते, आणि मुलांच्या हितासाठी भरलेला वर्ग मुलांच्याच दिवसावर चालतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षास 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. त्यांस धक्का लागू नये, यास्तव दिवसाची निवड सुट्टीचा काळ पाहून, पुरेसे आधी कळवून व्हावी, अथवा शेजारच्या शाळेतून बदली शिक्षकाची व्यवस्था करावी.

आणखी एक बाब नाजूक असली तरी बोलणे अगत्याचे आहे. बालरथावरील व आहारगृहातील कित्येक सेवक तुटपुंज्या मानधनावर काम करतात. प्रशिक्षणास येण्यासाठी ज्यांचा दिवसाचा मेहनताना बुडणार असेल, त्यांच्याकडून उत्साहाची अपेक्षा करणे अन्यायाचे होय. त्यांचा तो दिवस कामाचाच दिवस धरला जावा, प्रवासखर्च मिळावा, बसावयास इतरांसारखीच खुर्ची आणि जेवावयास एकच पंगत असावी. वागणुकीतील समानता हाही त्या दिवसाचा एक धडाच आहे.

दिवस संपल्यानंतर प्रत्येक शाळेने तीनच गोष्टी कागदावर लिहाव्यात: कोणती उणीव दिसली, ती कोण दूर करणार आणि केव्हापर्यंत. भागशिक्षणाधिकाऱ्यांनी पुढील भेटीत प्रथम तो कागद मागावा. असे झाले तरच प्रशिक्षण कागदाबाहेर पडून शाळेत पोहोचेल.

गावाचा वाटा

गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत, विशेषतः भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. देवळाचा मंडप, कोणाचा तरी ओटा, मिळेल त्या जागेत मुले बसली. शाळा गावाने आपली मानली होती. आज इमारती आल्या, वाहने आली, आहार आला. त्याबरोबर मुलाभोवती वावरणाऱ्या माणसांची संख्याही वाढली. त्या प्रत्येकास ‘मी या मुलाचा कोणीतरी आहे’ असे वाटावे, हे काम आदेशाने होत नाही. पालक-शिक्षक संघांनी या दिवसास साहाय्य करावे, आपल्या बालरथाच्या चालकास व आहारगृहातील भगिनींस आग्रहाने पाठवावे, आणि परतल्यावर ‘काय शिकलात?’ असे आपुलकीने विचारावे.

ती सहावीतील मुलगी उद्याही बालरथात चढेल आणि कदाचित पुन्हा मागच्याच बाकावर बसेल. परंतु मदतनीस बाई त्या दिवशी शाळेत उतरताच शिपायास दोन शब्द सांगतील, शिपाई ते वर्गशिक्षकांच्या कानी घालील, कोऱ्या वहीबद्दल बोलणी बसण्याऐवजी मुलीस जवळ बोलावले जाईल, आणि संध्याकाळपूर्वी कोणीतरी तिच्या घराची पायरी चढेल. एवढे घडले, तर शाळेच्या साऱ्या सेवकांनी एकत्र काढलेला तो एक दिवस सार्थकी लागला, असे म्हणावयास हरकत नाही.