मे महिन्याचं ऊन ऑगस्टात पोचतं



सात वाजून गेलेत, तरी तुमच्या पायांखालच्या फरशीतून अजून ऊब वर येते आहे. हात टेकवून बघा. हीच फरशी पहाटे बरीच निवलेली असेल. दिवसाचं ऊन जमिनीत शिरतं, पण हातभर खोल जातं न जातं तोच रात्र होते आणि ते माघारी फिरतं.

आता हातभराऐवजी दोन पुरुष खोल चला. तिथे दिवस-रात्रीचा पत्ता नाही. पोचतात ते फक्त ऋतू, तेही उशिरा. साधारण मातीत चार मीटरवर वर्षाचा चढउतार पाचव्या हिश्श्यावर येतो आणि सुमारे तीन महिने मागे पडतो. मे महिन्याचं ऊन तिथे ऑगस्टात पोचतं. आज आपण इथे वाऱ्यासाठी पंखे हलवतोय, तेव्हा खाली अजून फेब्रुवारी चालू आहे. जमीन थंडावा तयार करत नाही. ती उन्हाला उशीर करते. तो उशीर आपल्याला वापरता येतो.

हे आपल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं, वैशाखात तेच गार लागतं. पाणी जवळपास तेवढंच असतं, बदललेली असते बाहेरची हवा. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तो तेवत राहिला तरच माणूस आत. जमिनीखालच्या हवेला मान द्यायचा असतो, हे त्या कंदिलाने शिकवलं.

पेवात माल खाली जातो. आपल्याला खालची हवा वर आणायची आहे. इटलीत व्हिचेन्झाजवळ कोस्टोझा गावच्या हवेल्यांत डोंगरातल्या गुहांची गार हवा भुयारी वाटांनी खोल्यांत घेत. वास्तुकार पॅलाडिओने १५७० च्या आपल्या वास्तुग्रंथात त्याची नोंद केली आहे. आपल्याकडे गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला ‘टेरी’ संस्थेचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे निवासी खोल्यांसाठी चार मीटर खोल चार बोगदे टाकले, प्रत्येक ७० मीटर लांब आणि ७० सेंटिमीटर व्यासाचा. दोन-दोन अश्वशक्तीचे दोन पंखे हवा आत ढकलतात आणि छतावरच्या सौर चिमण्या ती खोल्यांतून वर ओढून घेतात. तिथली खालची माती वर्षभर २६ अंशांच्या आसपास. म्हणून जूनमध्ये हवा गार येते आणि जानेवारीच्या कडाक्यात तेच बोगदे ऊब देतात. पावसाळ्यातल्या दमट दिवसांसाठी मात्र त्यांना शीतयंत्रं जोडावी लागली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मर्यादा लपवून कुठलंही तंत्र रुजत नाही.

आता आपल्या वऱ्हाडाचा हिशेब. खालची माती साधारण २८ अंश. सेकंदाला एक घनमीटर हवा जमिनीत गाडलेल्या पाइपातून नेऊन ४३ वरून ३१ वर आणली, तर सुमारे १३ किलोवॉट उष्णता मातीत जाते. तेवढ्यासाठी दीड टनी एसी दोन पुरत नाहीत, तिसरा लागतो. इथे अश्वशक्तीभराचा पंखा पुरतो. ३१ म्हणजे एसीची २४ नव्हे, हे खरं. पण पत्र्याखाली चाळीस अंशांत बसलेल्या पोरांना विचारा ३१ म्हणजे काय.

कूलर आहेच की, असं कुणी म्हणेल. कूलरवर माझा राग नाही, त्याच्यावरच आपण वाढलो. पण मे महिन्यात टाकी दिवसातून दोनदा भरायची, आणि नळाला पाणी आठवड्याने! जमिनीतल्या पाइपाला थेंबही लागत नाही.

कोकणात मात्र हे करू नका. तिथे हवा आणि मातीत फरकच थोडा, आणि दमटपणा खोलीत तसाच येतो.

आपल्याकडची खरी अडचण काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते. मध्ये हवेची फट राहिली की उष्णता जाणार कशी? पाइप मुरमात बसवावा, भोवती मुरूमच दाबून भरावा, वर झाडं लावून ओल टिकवावी. पाइप लोखंडाचा की प्लॅस्टिकचा यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं उताराने. एका वसतिगृहात मी दुसऱ्या पावसाळ्यात गेलो, तर हवेला कुबट वास. पाइप अगदी समपातळीत टाकला होता, आत पाणी साचून बुरशी धरलेली. मीटरला दोन सेंटिमीटर उतार आणि शेवटी पाणी काढायला एक कुंडी, एवढ्यावर ते निभावलं असतं. मुलांनी हवेच्या तोंडाला चादरी कोंबल्या होत्या. त्या चादरी मी विसरलेलो नाही.

आणखी एक. पंखा सतत चालवला तर पाइपाभोवतीची मातीही तापते. म्हणून पहाटेची गार हवा त्याच पाइपातून फिरवून तिला निववायचं.

खर्चाचं म्हणाल, तर खरा खर्च खोदाईचा. नव्या शाळेचा, दवाखान्याचा पाया खणताना जेसीबी दारात उभाच असतो. त्याच आठवड्यात चर मारून पाइप गाडता येतो. इमारत झाल्यावर त्यासाठी अंगण फोडावं लागतं, आणि मग कुणी फोडत नाही. तेव्हा तुमच्या गावात नकाशा मंजुरीला जाण्याआधी इंजिनिअरला दोन गोष्टी विचारा: मुरूम किती खोलीवर लागतो, आणि पावसाळ्यात जवळच्या विहिरीचं पाणी कुठवर चढतं? चार मीटरच्या वर चढत असेल, तर पाइपाच्या सांध्यांतून पाणी शिरणार नाही याची सोय त्याच्याकडून लिहून घ्या.