मुलांच्या रक्तवाहिन्या आणि घराण्याचा वारसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला काहीतरी गोड बोलावे अशी रीत आहे. आजचा माझा विषय ऐकायला गोड नाही. पण तो आपल्या मुलाबाळांच्या हिताचा आहे, म्हणून आपण तो शांतपणे ऐकून घ्याल अशी खात्री वाटते.

कोलेस्टेरॉल म्हटले की चाळिशी उलटलेले, पोट सुटलेले गृहस्थ आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु काही मुले जन्मतःच वाढलेले कोलेस्टेरॉल घेऊन येतात. ती लठ्ठ नसतात. इतर मुलांसारखीच धावतात, खेळतात. साधारणपणे २५० ते ३०० माणसांमागे एकाला हा दोष असतो. विरारहून सुटणाऱ्या भरगच्च लोकलमध्ये अशी दहा-बारा माणसे तरी सहज असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नसेल.

हे होते कसे? आपले यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल आत ओढून घेते. त्यासाठी त्याच्या पेशींवर जणू लहान लहान दारे असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी या दारांचा शोध लावला. त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आईकडून किंवा वडिलांकडून सदोष जनुक आले की निम्मी दारे नीट उघडत नाहीत, आणि एलडीएल नावाचे घातक कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहते. आपल्या देशातही हा दोष आहे. २००० साली माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी भारतीय रुग्णांच्या या जनुकातील बदल शोधून प्रसिद्ध केले.

आता रक्तवाहिनीचे पाहू. वसईच्या पावसाळ्यात घराच्या भिंतीत ओल कशी मुरते, हे आपल्याला सांगायला नको. वरून रंग छान दिसतो, आत गिलावा भुसभुशीत होतो, आणि एके दिवशी पोपडा फुटतो. तसेच एलडीएल रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराखाली मुरत जाते. गळ्यातील रक्तवाहिनीची सोनोग्राफी केली, तर आठव्या वर्षाच्या सुमारासच अशा मुलांची वाहिनीची भिंत निरोगी भावंडांपेक्षा किंचित जाड आढळते. दुखत काहीच नाही. पुढे कधीतरी तो पोपडा फुटतो, तिथे रक्ताची गाठ होते, आणि हृदयविकाराचा झटका येतो. उपचार न झाल्यास या दोषाच्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत, आणि बायकांपैकी सुमारे ३० टक्क्यांना साठीपर्यंत हृदयविकार गाठतो.

असे निदान झाले की घरात पहिला प्रश्न निघतो, “मुलाला तूप कोणी घातले?” आणि सगळ्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळते. भगिनींनो, हा दोष आईच्या हातच्या स्वयंपाकाचा नव्हे. तूप, लोणी, वनस्पती, तळण बेताने द्यावे, हे खरेच. परंतु नुसत्या पथ्याने हे कोलेस्टेरॉल थोडेसेच उतरते. औषध लागतेच.

त्या औषधाला स्टॅटिन म्हणतात. साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयापासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते देतात. हॉलंडमध्ये अशा २१४ मुलांवर वीस वर्षे लक्ष ठेवले गेले. त्याचा अहवाल २०१९ साली आला. त्यांच्या आईवडिलांपैकी ज्यांना हा दोष होता, त्यांतल्या २६ टक्क्यांना चाळिशीच्या आतच हृदयाच्या वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने गाठले होते. लहानपणी औषध सुरू केलेल्या मुलांत हे प्रमाण अवघे १ टक्का राहिले. वारसा तोच, पण नशीब निराळे!

मग आपण करायचे काय? माहेर आणि सासर, दोन्हीकडचा इतिहास विचारा. कोणा पुरुषाला ५५ च्या आत, किंवा बाईला ६५ च्या आत झटका आला होता का? कोणाच्या टाचेमागच्या शिरेवर वा बोटांच्या सांध्यांवर पिवळट गाठी होत्या का? तसे असेल तर मुलांची रक्ततपासणी करून घ्या. मुलाचे एलडीएल १६० च्या वर आले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. परळचे वाडिया रुग्णालय खास मुलांचेच आहे. एका मुलात दोष सापडला, तर भावंडांना आणि आईवडिलांनाही तपासा. कारण प्रत्येक भावंडाला तो असण्याचा संभव निम्मा असतो. घरात विडी-सिगारेटचा धूर नको.

मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीने हे लपवू नका. लपवल्याने दोष जात नाही, उपचार मात्र जातो. तिला एवढे सांगून ठेवा की, मूल हवे असेल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारावे. त्या काळात हे औषध बहुधा थांबवतात. आणि ज्या घराण्यात हा दोष आहे, तिथे आते-मामे भावंडांत लग्न जुळवू नये. दोन्हीकडून दोष आला, तर बाळाला लहानपणीच फार गंभीर आजार होतो.

आपण मुलींना आजीच्या पाटल्या देतो, तेव्हा त्या आधी सोनाराकडून पारखून घेतो. रक्तातून दिलेला वारसाही तसाच एकदा पारखून घ्यावा, एवढेच माझे सांगणे.