लादीची धूळ

(गोराई, बोरिवली येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

पत्रिकेत माझा विषय ‘चिनी मातीच्या कारखान्यांतील कामगारांचं आरोग्य’ असा छापलाय. आत शिरतानाच एका आजोबांनी मला गाठलं. “डॉक्टर, गोराईत कुठे आलाय असला कारखाना?” प्रश्न रास्त आहे. अलीकडे म्हाडाच्या इमारती, मध्ये खाडी, पलीकडे कोळीवाडा आणि विपश्यना पॅगोडा. भट्टीचं धुराडं काही दिसत नाही. पण तुमचे पाय आत्ता ज्या लादीवर आहेत ती मोरबीची असण्याचा संभव मोठा आहे, आणि घरातलं वॉशबेसिन थानगढचं; दोन्ही गावं गुजरातची. थानगढच्या या धंद्याचा पाया परशुराम गणपुळे या मराठी माणसाने घातला. तेव्हा हा विषय अगदीच परका समजू नका.

चिनी मातीचं भांडं नुसत्या मातीचं नसतं. ढोबळ हिशेब असा, की निम्मी माती, पाव हिस्सा फेल्डस्पार आणि पाव हिस्सा क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. हे मिश्रण पाण्याबरोबर बॉल मिलमध्ये दळलं जातं, तोवर फारशी धूळ नसते. मग तो पातळ गाळ प्लास्टरच्या साच्यात ओततात. साच्यातून निघालेला माल सुकला की त्याच्या कडेला सांध्याच्या रेघा राहतात. त्या पातीने खरवडायच्या, जाळीने घासायच्या आणि वर फुंकर मारून धूळ उडवायची. या कामाला फेटलिंग म्हणतात. माणूस मांडीशी भांडं घेऊन वाकलेला असतो, नाक भांड्यापासून वीतभर अंतरावर. संध्याकाळी त्याच जागेवर कोरडा झाडू फिरतो आणि दिवसभरात खाली बसलेली धूळ पुन्हा वर येते.

कपड्यावर दिसते ती धूळ जाड असते, ती नाकात अडकते. घात करते ती न दिसणारी. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचणारा कण पाचाहूनही बारीक असतो आणि तासन्‌तास हवेत तरंगतो. फुप्फुसातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण गारगोटी पचत नाही. पेशीच मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या रेट्यात फुप्फुसात घट्ट गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस. गाठी विरघळवणारं औषध नाही, आणि काम सोडलं तरी आजार पुढे सरकू शकतो.

भट्टीची उष्णता, पाठदुखी, ग्लेझमधलं शिसं हेही आहेच. इटलीच्या रामाझ्झिनीने १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात कुंभारांचे थरथरणारे हात आणि पडलेले दात नोंदवले आहेत. ती शिशाची करणी. आज मी धुळीवरच बोलणार आहे.

एक रुग्ण सांगतो. लादी बसवणारा मिस्त्री, वय ४१. टीबीचा कोर्स दोनदा पूर्ण केलेला, तरी दम लागतोच. बेडक्यात जंतू एकदाही सापडले नव्हते. एक्स-रे पाहिला तर दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात साबुदाणा सांडल्यासारखे ठिपके. मी विचारलं, “याआधी काय करत होतात?” तो म्हणाला, “गावाकडे अकरा वर्षं फेटलिंग केलं, साहेब.” आधीच्या एकाही केसपेपरवर हा प्रश्न विचारल्याची खूण नव्हती. खरी गोम अशी, की सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे टीबीचं निदान नेहमीच चुकीचं असतं असं नाही. ते अर्धंच असतं. आणि उरलेल्या अर्ध्यावर भरपाई अवलंबून असते.

कायदा आहे. सिलिकोसिस १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होता, २०२०च्या नव्या कामगार संहितेतही आहे. रुग्ण आढळला तर कारखाने निरीक्षक यंत्रणेला कळवणं हे माझ्यासारख्या डॉक्टरचं काम. १९२३च्या भरपाई कायद्यातही हा रोग होता. पण मी कळवू काय? त्या मिस्त्रीकडे नेमणूकपत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही, हजेरीपटावर नाव नाही. शिवाय विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ ठरवणारी कामगारांची संख्या जुन्या कायद्यात १० होती, २०२०च्या संहितेत ती २० झाली. म्हणजे लहान शेड ‘कारखान्या’च्या व्याख्येतूनच सुटली. हा बदल मला पटलेला नाही.

खाडीपलीकडच्या पॅगोड्याला जोधपूरचा दगड आहे. त्या भागात दगड फोडणाऱ्यांमध्ये हाच आजार इतका आहे, की राजस्थानने २०१९ साली वेगळं धोरण केलं. वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र मिळालं की तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. मालक कोण हे शोधत बसावं लागत नाही. महाराष्ट्राने यातून शिकायला हरकत नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. कारखाना गोराईत नाही, पण धूळ आहे. शेजारी फ्लॅटचं काम निघतं, जिन्यात लादी ठेवून कटर फिरतो आणि दोन मजले पांढरे होतात. भाजलेल्या लादीतही क्वार्ट्झ उरलेला असतो. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी हल्ली ‘क्वार्ट्झ’ची कृत्रिम फरशी घेतात, तिच्यात सिलिका ९० टक्क्यांहून जास्त असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून तिच्यावर बंदीच घातली. आपल्याकडे ती कापणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधतो. रुमालाने जाड धूळ अडते, बारीक आरपार जाते.

उपाय महागडा नाही. पात्यावर पाण्याची धार धरली की बरीचशी धूळ जागीच बसते. कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं घ्यावं, आणि रुमालाऐवजी नीट बसणारा एन-९५ मास्क. तुमच्या सोसायटीच्या फलकावर ‘दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद’ अशी सूचना असेलच. येत्या सभेत तिच्याखाली आणखी एक ओळ घालून घ्या: लादी कोरडी कापू नये. पाण्याची बादली ज्याच्या घरचं काम त्याने द्यावी.