नावाची मालकी कोणाची?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



फ्रान्समध्ये रोन नदीवर प्रवासी बोटी चालतात. द्राक्षबागायतदारांच्या अभ्यासदौऱ्यात अशा बोटीने जाण्याचा योग आला. आविन्यों शहराच्या धक्क्याला बोट लागली की उतारू बसने जवळच्या शातोनफ द्यु पाप या गावी जातात. चौदाव्या शतकात आविन्योंला पोप राहत. त्यांच्या किल्ल्याच्या पडक्या भिंती इथे आहेत. उतारू तिथे फोटो काढतात, वाइन चाखतात आणि संध्याकाळी बोटीवर परततात. मी तो दिवस बागांत घालवला.

कित्येक शेतांत माती दिसतच नाही. मुठीएवढे, नारळाएवढे गुळगुळीत गोटे पसरलेले. नदीनेच ते पूर्वी आणून टाकले. गोटे दिवसा तापतात, रात्री ऊब देतात, खालची ओल धरून ठेवतात. मंडप नाही, तारा फारशा नाहीत. गुडघ्या-मांडीएवढी बुटकी झुडपे, कारण उत्तरेचा वारा सोसाट्याचा. आणि उत्पन्न? नियमाने हेक्टरी ३५ हेक्टोलिटर वाइन. म्हणजे एकरी जेमतेम दोन टन द्राक्षे! आपला बागायतदार म्हणेल, हा माणूस बुडाला. पण तो बुडाला नाही. का, ते सांगतो.

बुडायची वेळ त्यांच्यावरही आली होती. १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळे खाल्ली आणि फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. अमेरिकन खुंटावर कलम करून त्या सावरल्या; आपण डॉगरिजवर कलम करतो ती याच विद्येची पुढची पायरी. पण कीड गेली तरी लूट राहिली. या गावची कडक वाइन पिंपांनी बरगंडीला जायची, तिथल्या फिक्या वाइनमध्ये मिसळायची. माल यांचा, नाव दुसऱ्याचे. उलट भलत्याच ठिकाणची वाइन यांच्या नावाने खपायची.

१९२३ साली गावचे बागायतदार एकत्र आले. त्यांच्यातलाच एक वकील, बॅरन ल रॉय, पुढे झाला. त्यांनी आधी नियम घातले ते स्वतःवर. ज्या माळावर लॅव्हेंडर आणि थाइम ही झुडपे उगवतात तीच जमीन चालेल. जाती ठरलेल्या. खराब घड वेगळे काढायचेच. मद्यार्क १२.५ टक्क्यांहून कमी नको. मग हद्दीसाठी ते कोर्टात गेले. १९३३ साली निकाल पक्का झाला. १९३५ साली देशाने तसाच कायदा केला. १९३६ साली या गावाला त्याचे संरक्षण मिळाले.

आपल्याकडे असा कायदा १९९९ साली झाला. नाशिकची द्राक्षे, सांगलीचा बेदाणा, कोकणचा हापूस यांना मानांकन मिळाले. तरी बाहेरचा आंबा हापूस म्हणून पेटीत भरला जातोच. का? आपल्याकडे दाखला आला, पण गावाने बसून हद्द, प्रत आणि तपासणी ठरवली नाही. दाखला भिंतीवर, नाव व्यापाऱ्याच्या पेटीवर!

नाव मिळाले की सगळे भागले, असेही नाही. २०२३ साली फ्रान्स सरकारला खपाअभावी उरलेली वाइन नष्ट करण्यासाठी २० कोटी युरो जाहीर करावे लागले. पिणारे कमी झाले की नामांकित मुलखालाही झळ बसते. नाव बाजार निर्माण करत नाही. आहे त्या बाजारात आपला वाटा चोरीला जाऊ देत नाही, एवढेच.

म्हणून या बैठकीत एकच काम करूया. ज्या तालुक्याच्या मालाला नाव आहे, तिथल्या पिकवणाऱ्यांनी आपली हद्द आणि आपली प्रत कागदावर लिहावी. पहिली सही नियम मोडल्यावर ज्याचा माल नाकारला जाईल त्याची, म्हणजे आपली.