टोपलीचें शिक्षण

जुन्नर गांवाभोंवतालच्या डोंगरांत, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा व शिवनेरी येथें, शंभराहून अधिक बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत. त्यांतील ब्राह्मी लेख वाचूं लागलें असतां राजांपेक्षां व्यापारी, गृहस्थ आणि कारागीर यांचीच गांठ अधिक पडते. अशा एका लेखांत दोन श्रेणींचा, म्हणजे धंदेवाईकांच्या संघांचा, उल्लेख आहे. एक श्रेणी कांसारांची, दुसरी 'वासकारां'ची. वासकार म्हणजे वंशकार, बांबूचें काम करणारा, असा अर्थ अभ्यासकांनीं लावला आहे. धर्मकार्यासाठीं नेमलेलें द्रव्य ह्या श्रेणींकडे सोंपविलेलें होतें व त्याचें उत्पन्न महिन्याच्या हिशेबानें द्यावयाचें होतें. सुमारें १८०० वर्षांपूर्वीं जुन्नरास बांबूकाम करणाऱ्यांचा संघ होता, आणि परक्याची ठेव सांभाळण्याइतकी त्याची पत होती, एवढें ह्या चार शब्दांवरून निश्चित होतें.

हें ऐकून शहरांतील सुशिक्षित गृहस्थास नवल वाटेल. कारण बुरुडास पत असते, ही कल्पना आज अंगवळणीं राहिलेली नाहीं. त्याच्या हातची वस्तु मात्र घरोघर होती. धान्य पाखडण्यास सूप, तांदूळ धुण्यास रोवळी, फुलांस परडी, भाकरीस दुरडी, कोंबड्यांस डालगें आणि वर्षाच्या दाण्यांस शेणामातीनें लिंपलेली कणगी. बाळ जन्मलें तरी सूप पुढें येई आणि लग्नांतही सूप लागे. घाटमाथ्याकडील जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या भागांत पाऊस असा कोसळतो कीं, भातलावणीच्या वेळीं इरल्यावांचून गत्यंतर नसे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा व वर पानांचें आच्छादन असें हें इरलें डोक्यावरून पाठीवर बसतें. छत्रीस एक हात द्यावा लागतो. इरलें दोन्ही हात मोकळे ठेवतें. ज्यानें तें प्रथम योजिलें, त्यानें वांकून रोप लावणाऱ्या बाईच्या पाठीचा विचार केला होता.

आतां इरल्याच्या जागीं प्लास्टिकचा कागद आला आहे. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटो येतो तो प्लास्टिकच्या क्रेटांतून, आणि भावही क्रेटावरच बोलला जातो. ह्यांत शेतकऱ्याचा दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. क्रेट एकावर एक रचतां येतो, धुतां येतो, पावसानें कुजत नाहीं. परंतु ज्या हातांस पाट्या व करंड्या विणण्याचें काम मिळत होतें, ते हात त्यामुळें रिकामे झाले. आणि विणकामाची विद्या पुस्तकांत सांठविलेली नसल्यामुळें, हात रिकामा झाला कीं पुढच्या पिढीस ती मिळत नाहीं.

अशा वेळीं एक नवी गोष्ट दिसूं लागली आहे. नोकरीपेशाचीं, शिकलेलीं माणसें, पुरुष व स्त्रिया, सुटीच्या दिवशीं चार-सहा जण मिळून टोपली विणावयास शिकतात. पोटासाठीं नव्हे, हौसेखातर. ह्या हौसेला हंसणारे पुष्कळ आहेत. बाजारांत थोड्या पैशांत मिळणारी टोपली दोन दिवस खपून वांकडी विणावयाची, हा कसला उद्योग, असें ते म्हणतात. त्यांस उत्तर द्यावयाचें तर हें काम शिकणें म्हणजे काय, तें प्रथम पाहिलें पाहिजे.

पहिला धडा बांबू निवडण्याचा. बांबू हें झाड नव्हे. वनस्पतिशास्त्राप्रमाणें तें गवत आहे. कोंब जमिनींतून निघतो तोच आपली पुढील जाडी घेऊन, आणि एका हंगामांत पुरी उंची गांठतो. त्यानंतर तो वाढत नाहीं, फक्त पिकत जातो. कोंवळा बांबू वाळतांना आक्रसतो व जून झालेला मोडतो. म्हणून कारागीर मधल्या वयाचा, बहुधा दोन-तीन वर्षांचा, शोधतो. तो पावसाळ्यानंतर तोडावा, असा जुना परिपाठ आहे. बांबूंतील पिठूळ अंशावर भुंगा येतो व वस्तु आंतून पोखरतो; तोड योग्य ऋतूंत झाली आणि बांबू कांहीं दिवस पाण्यांत बुडवून ठेवला, तर हें भय कमी होतें.

दुसरा धडा चिरण्याचा, आणि नवशिका बहुधा येथेंच हार खातो. कोयत्यानें बांबूचे दोन भाग करावयाचे, त्या प्रत्येकाचे पुन्हां दोन, असें करीत पातळ कामटीपर्यंत यावयाचें. निम्म्याचें निम्में हा नियम सोडून कडेची बारीक पट्टी एकदम काढूं पाहिलें, तर चीर एका बाजूस पळते आणि कामटी मध्येंच तुटते. चीर पळूं लागली कीं जाड बाजू अधिक वांकवावयाची, म्हणजे ती पुन्हां मध्यावर येते. हें वाक्य ऐकण्यास एक क्षण लागतो. बोटांस तें समजण्यास कित्येक बांबू खर्ची पडतात. मग पाठ व पोट वेगळें करावयाचें. बाहेरची चकचकीत पाठ चिवट, आंतलें पोट ठिसूळ. भार जेथें पडावयाचा तेथें पाठ, आणि जेथें केवळ भरणा हवा तेथें पोट.

तिसरा धडा बुडाचा. कामट्या आडव्या-उभ्या टाकून टोपलीचें बूड बांधतात व त्यांचींच टोकें वर वळवून उभ्या काड्या करतात. एकाच पट्टीनें एक वर, एक खालीं असें विणीत जावयाचें असेल, तर ह्या काड्या विषम संख्येंत असाव्या लागतात. सम असल्या, तर दुसऱ्या फेरीस पट्टी पुन्हां त्याच काडीच्या वरून जाते आणि वीण बसतच नाहीं. सम-विषम संख्या शाळेंत पाठ केलेल्या मुलास त्यांचा उपयोग येथें प्रथमच दिसतो. १९३७ सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षण परिषदेनें हस्तोद्योगाभोंवतीं सर्व शिक्षण गुंफावें असा विचार मांडला, त्याचें मर्म अशा एका टोपलीच्या बुडांत सांपडतें.

शेवटचा धडा कांठाचा. वीण कितीही सुबक असली तरी कांठ सैल राहिला कीं टोपली उसवते.

हें सर्व एकट्यानें शिकतां येत नाहीं असें नाहीं. परंतु मंडळींत बसून शिकण्याचा लाभ निराळा आहे. एकाचा हात चिरण्यांत बसतो, दुसऱ्याचा विणण्यांत; तिसऱ्यास कांठ साधतो. ज्यास जें आलें तें तो शेजाऱ्यास दाखवितो, आणि दाखवितांना त्याचें त्यालाच तें अधिक स्पष्ट होतें. कचेरींतला वरिष्ठ व कनिष्ठ हा भेद कामटीपुढें टिकत नाहीं. जो आधीं शिकला तो मोठा, मग तो वयानें दहा वर्षांचा कां असेना.

मात्र ह्या हौसेवर एक ऋण आहे, व त्याची आठवण न ठेवली तर ती हौस केवळ करमणूक ठरते. हौशी माणसास ही विद्या मिळते ती बुरुडाकडून, किंवा डोंगरांतल्या ठाकर अथवा महादेव कोळी शेतकऱ्याकडून. त्यानें ती आईबापांपाशीं बसून, बोटें कापून घेऊन मिळविलेली असते. त्याच्या दिवसभराच्या शिकवणीचें मोल चहा-फराळांत फेडणें उचित नव्हे. गायन शिकविणाऱ्यास जशी बिदागी, तशी ह्या गुरूसही द्यावी, व ती त्यानें मागण्यापूर्वीं ठरवावी. त्याच्या घडणीची वस्तु हौशी हातांनीं करून अल्प किंमतीस विकूं नये. ज्याचें पोट दुसऱ्या धंद्यावर भरतें, त्यास स्वस्त विकणें सोपें असतें आणि त्याचा फटका बुरुडास बसतो.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. १९२७ च्या वन कायद्यानें बांबूची गणना झाडांत केली होती. त्यामुळें स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेण्यासही परवान्यांचें जंजाळ उभें राही. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू हें गौण वनोपज ठरविलें, आणि एप्रिल २०११ मध्यें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) ह्या गांवच्या ग्रामसभेस बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला. वनाबाहेर वाढलेला बांबू झाडांच्या व्याख्येंतून निघाला तो २०१७ सालीं. म्हणजे गवतास गवत म्हणावयास कायद्याला ९० वर्षें लागलीं. शेताच्या बांधावर व ओढ्याच्या कांठीं बांबू लावणें आतां सोपें झालें आहे; जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरकुशींतील शेतकऱ्यानें तो लावला व जवळच्याच कारागिरानें तो घेतला, तर दोघांचेंही हित होईल.

बाराव्या शतकांत बसवेश्वरांच्या कल्याण नगरींत मेदार केतय्या नांवाचे शरण होते. त्यांचा धंदा बांबूच्या टोपल्या-सुपें विणण्याचा. बसवेश्वरांच्या मंडळांत हें काम 'कायक', म्हणजे ईश्वरार्पण केलेला श्रम, मानलें जाई, आणि तें करणारा इतर शरणांच्या बरोबरीनें बसे. हौशी विणकरांनीं आपल्या गुरूस अशीच बरोबरीची जागा द्यावी. तो जमिनीवर व शिष्य खुर्चीवर, अशी शिकवणी होऊं नये.

ज्या कुटुंबांस ही विद्या आपल्या मुलांस दाखवावयाची असेल त्यांनीं पावसाळा संपल्यावर, नवा बांबू तोडून येऊं लागतो त्या सुमारास, आपल्या गांवच्या बुरुडआळींत जावें. पुण्यास अशी आळी आहे; अनेक जुन्या बाजारपेठांतून आहे. पहिल्या दिवशीं शिकण्याची गोष्ट काढूं नये. एक सूप आणि एक रोवळी मागावी, तो सांगेल ती किंमत घासाघीस न करतां द्यावी, आणि त्याची परवानगी घेऊन तो कांठ कसा बांधतो तें पाहत तासभर बसावें. त्या तासांत मुलास जें दिसेल, त्यावरून पुढील रविवारीं पुन्हां यावयाचें कीं नाहीं, हें तें मूल स्वतःच सांगेल.