आई काही कच्चा लिंबू नाही

प्रताप नगरमधल्या घरातूनच रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागे कूलरची घरघर ऐकू येईल. मे महिन्यातल्या नागपुरात तो बंद कर असं कृपया कुणी म्हणू नका.

आजचा विषय मला वर्षभर छळतोय. जो माणूस कधी गेम खेळलेलाच नाही, किंवा कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतच खेळणार आहे, त्याला गेममध्ये कसं घ्यायचं? आणि घेताना गेमचा भुगा कसा होऊ द्यायचा नाही?

मी मोबाइलसाठी संत्र्याच्या बागेचा छोटा गेम बनवतोय. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, संत्र्याला बहार यावा म्हणून झाडाला ताण देतात. म्हणजे काही आठवडे पाणी तोडतात. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात, मृग बहारासाठी उन्हाळ्यात. मग पाणी सोडलं की झाड फुलतं. ताण कमी पडला तर नीट फुलत नाही, जास्त झाला तर झाडच खचतं. माझा सगळा गेम ह्यावरच उभा आहे: विहिरीत पाणी असूनही ते कधी द्यायचं नाही.

मित्रांना खेळायला दिला. बहुतेकांचं एकच म्हणणं, ताण काढून टाक. पाणी दिलं की फळ, विषय संपला. लोकांना एवढं कळत नाही. आणि खरं सांगतो, मी काढणारच होतो.

मग आईला दिला. तिचं माहेर काटोलकडचं. ताण तिला समजावावाच लागला नाही. उलट तिनेच विचारलं, "हलकी जमीन अन् भारी जमीन दोन्हीले सारखाच ताण काहून रे?" पण तिसऱ्या मिनिटाला फोन ठेवून उठली. कारण वर घड्याळ पळत होतं. दोन बोटांनी बाग लहान-मोठी करायची होती. सूचनांच्या पाच ओळी यायच्या आणि चष्मा सापडेपर्यंत निघून जायच्या. आणि एक चूक झाली की सगळी बाग वाळून पुन्हा पहिल्यापासून.

ही तीच बाई बरं का, जी मेंडीकोट खेळताना किलवरचा दहा कोणाच्या हातात अडकलाय ते बरोबर सांगते. अवघड विचाराचं तिला वावडं नाही. मी दारातच दगड मांडून ठेवले होते आणि मित्र मला घर पाडायला सांगत होते.

ह्यावर मी केलेला पहिला उपाय तर आणखीच वाईट होता. 'सोपा खेळ' असं एक बटण ठेवलं. दाबलं की बाग कधीच मरत नाही. आई दोन दिवस खेळली आणि म्हणाली, "मी का कच्चा लिंबू आहे का?" लहानपणी गल्लीत आपण धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू करून घ्यायचो. तो आउट झाला तरी आउट नाही. दोन दिवस तो खूश असतो, तिसऱ्या दिवशी रडून खरा डाव मागतो.

'प्लँट्स व्हर्सेस झोंबीज' तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. २००९ चा. जॉर्ज फॅन ह्या त्याच्या डिझायनरने २०१२ मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सला एक अख्खं भाषणच आपल्या आईने तो गेम शेवटपर्यंत कसा खेळला ह्यावर दिलं होतं. त्यात अंगणाच्या पाच रांगा असतात, पण पहिल्या फेरीत गवताची एकच रांग आणि एकच रोप. पडद्यावर एका वेळी आठच्या वर शब्द नकोत हा त्याचा नियम. शेवटी गेम चांगलाच गुंतागुंतीचा होतो, पण आत शिरताना कळत नाही.

'सेलेस्ट' २०१८ चा, डोंगर चढण्याचा आणि भयंकर कठीण. त्यात असिस्ट मोड आहे. वेग कमी करा, दम न संपणारा करा, पण डोंगर तोच राहतो. ह्या मोडची ओळख करून देणारा मजकूर काहींना खुपला, तेव्हा तो त्यांनी बदलला. एका बटणावरचे शब्दसुद्धा माणसाला हिणवू शकतात, हे मला आईमुळे आधीच कळलं होतं.

आपल्या नवी मुंबईच्या 'लूडो किंग'चं जरा वेगळं. त्याचे नियम घरोघरी आधीच पाठ होते. ताण काटोल-वरूडला पाठ आहे, पुण्यातल्या पोरांना नाही. त्यांच्यासाठी आता पहिल्या बागेत दोनच झाडं ठेवलीत. एकाला शेजारचे काका रोज पाणी घालतात, त्याला तुम्ही हात लावू शकत नाही. दुसरं तुमचं, आणि त्याची मोटार बिघडलेली. तीन आठवड्यांनी मोटार सुरू होते आणि फुलतं ते तुमचं. सूचना एकही नाही. घड्याळ काढलं, 'सोपा'चं बटणही काढलं. बाग वाळली तर मागच्या बहारापासून पुन्हा सुरू करता येते. ताण मात्र आहे तसाच आहे, उलट हलकी-भारी जमीनही आली.

काल आईचा मृग बहार बुडाला. ऐन ताणात पाऊस आला. "ढग तरी दाखवायचे होते ना बाप्पा," म्हणाली. बरोबर आहे. आभाळ आधी भरून यायला हवं होतं, मी एकदम सर पाडली. तेवढं दुरुस्त करायला बसतो. भेटू पुढच्या भागात.